साडी निवडली तेव्हा

सांगलीत विश्रामबागच्या एका गल्लीत, आमच्याच घराच्या खालच्या खोलीत मी मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवते. पोरांना नाही. पोरांचे क्लास गल्लीत पैशाला पासरी आहेत. माझ्याकडे येतात ती माणसं दिवसभर कुठंतरी राबून आलेली असतात आणि बाकावर बसल्या बसल्या आधी पाय लांब करतात. परदेशी जायचं म्हणून परीक्षा देणारी एक नर्स होती त्या वर्षी, बँकेतली दोन मुलं होती आणि माधवनगरच्या कापडगिरणीत हयात घालवलेले एक काका होते. त्यांची नात परदेशात वाढत होती, तिच्याशी फोनवर बोलता यावं एवढ्यासाठी ते यायचे. वही सगळ्यात नीट त्यांची.

मला स्वस्थ बसून शिकवता येत नाही. मी फळा ते दार, दार ते फळा चालत असते. आमचे हे म्हणतात, तुझ्या क्लासातल्या फरशा बदलायला हव्यात, झिजल्यात. हे वीज मंडळातून निवृत्त झाल्यापासून अशी निरीक्षणं करायला त्यांना भरपूर वेळ असतो. पण त्या श्रावणात माझी चाल जरा जास्तच वाढली होती. गॅस बंद केला का म्हणून मी दोनदा जिना चढून जायची, आणि तिसऱ्यांदा कशाला आले तेच विसरायची.

कारण मला ठाऊक होतं. अण्णांना, माझ्या वडिलांना, जाऊन तीन वर्षं झाली होती. औंधच्या अलीकडे आमचं गाव. शेतातून यमाईचा डोंगर दिसतो. तिथल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर अण्णांच्या मागं तीन नावं लागली होती: आईचं, धाकट्या भावाचं आणि माझं. वारसनोंदीच्या वेळी भावानं माझं माहेरचंच नाव दिलं होतं. मला त्याची मोठी गंमत वाटली होती. लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर कुठल्याशा सरकारी कागदावर मी पुन्हा अण्णांची मुलगी झाले होते. आता सातबारा फोनवर बघता येतो. चहा उकळेपर्यंत मी तो उघडायची, नाव बघायची आणि बंद करायची. दुसरं काही नाही. त्या जमिनीतलं एक कणीसही मी मागितलं नव्हतं.

आणि भाऊ कधीतरी विचारणार, हे मला कळत होतं. आमच्याकडं बहिणी हक्क सोडतात. वकिलाकडं हक्कसोडपत्र होतं, कचेरीत सही होते, घरी पुरणपोळी होते आणि बहिणीला साडी नेसवतात. हे इतकं ठरलेलं, की विचारायचीही पद्धत नाही, नुसता दिवस कळवतात. मला मात्र कुणीतरी विचारावं असं वाटत होतं. विचारल्यावर काय उत्तर देणार हे माझं मलाच ठरवता येत नव्हतं, म्हणून तर मी जिने चढत होते.

त्याच महिन्यात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन मिरजेला झालं आणि ती तीन आठवडे माझ्याकडं राहिली. काळा चष्मा लावून एकटी वर काय बसणार, म्हणून संध्याकाळी खाली क्लासात मागच्या बाकावर येऊन बसायची. आईला अक्षर वाचता येत नाही. पण कान तिखट.

त्या आठवड्यात माझ्या फळ्यावर सोडण्याचे शब्द होते. इंग्रजीत छोटी क्रियापदं असतात आणि त्यांच्या शेपटीला आणखी छोटे शब्द लागतात. पाठ करून ती येत नाहीत, प्रसंग लागतो. मी फळ्यावर सहा लिहिली. गिव्ह अप: डॉक्टरनं दम दिला म्हणून तंबाखू सोडली, हे गिव्ह अप. गिव्ह अवे: बाळाला लहान झालेली झबली शेजारणीच्या बाळाला दिली, आपखुशीनं, बदल्यात काही न घेता. हँड ओव्हर: बदली झाली, नव्या साहेबाला टेबलाच्या किल्ल्या दिल्या. इथं घेणारा समोर उभा पाहिजे आणि दिल्यावर आपलं काम संपलं पाहिजे. पार्ट विथ: घर बांधायला आईची पाटली मोडली, तेव्हा सोनाराच्या दुकानातून पाय निघेना, ते. लेट गो: मूठ उघडायची. वस्तूचीही, माणसाचीही. आणि साइन अवे: कागदावर सही केली आणि आपलं होतं ते गेलं.

नर्सनं लगेच हात वर केला. ती म्हणाली, मॅडम, मग एकाच गोष्टीला यातले दोन लागू शकतात का? मी म्हटलं, तुम्हीच वाक्य करा, स्वतःच्या आयुष्यातलं. माझा हा नियमच आहे. पुस्तकातला रामा आणि गोविंदा माझ्या वर्गात चालत नाहीत.

गिरणीतले काका उभे राहिले. उभं राहून बोलायची त्यांची सवय काही केल्या जाईना. त्यांनी इंग्रजीत अडखळत सांगितलं, की गिरणी बंद झाली त्या दिवशी त्यांनी खात्याच्या किल्ल्या मॅनेजरला हँड ओव्हर केल्या. मग मराठीत म्हणाले, ‘‘पण मॅडम, लेट गो अजून नाही झालं. सकाळी भोंग्याच्या वेळेला जाग येतेच. भोंगा आता कुठं आहे? पण येते.’’

मी शाबास म्हटलं, त्यांच्या वहीत बरोबरची खूण केली. उत्तम वाक्य होतं. दोन शब्दांतला फरक मला तासभर बोलून सांगता आला नसता.

मागच्या बाकावरून आई म्हणाली, ‘‘ह्या समद्यांचं मराठी काय गं?’’

मी तिला एकेक सांगत गेले. सोडणं, देऊन टाकणं, सुपूर्त करणं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, ‘‘येवढं कशाला लागत्यात त्यास्नी? आमाला येकच पुरतो. सोडलं.’’

सगळे हसले. मीही हसले. आणि तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. भावजयीनं तीन साड्यांचे फोटो पाठवले होते. एक डाळिंबी, एक मोरपंखी, एक पिवळी. खाली लिहिलं होतं, ‘‘वन्सं, यातली कुठली आवडती?’’

दुसरी बॅच दारात उभी होती. बाहेर चपला काढताना त्यांची गडबड चालली होती. मला वाटलं राखी आलीये, भावजय हौशी आहे, दरवर्षी काहीतरी घेतेच. मी उभ्या उभ्या टाइप केलं, ‘‘मोरपंखी.’’ शेवटी एक हसरा चेहराही टाकला. तो हसरा चेहरा मला नंतर फार दिवस टोचला.

क्लास सुटल्यावर भावाचा फोन आला. आवाज मोकळा, बऱ्याच दिवसांनी ओझं उतरल्यासारखा.

‘‘आक्का, साडी निवडलीस म्हनं. लय बरं झालं बग. मला लय धाकधूक हुती तू काय म्हनशील म्हून. कागद करायला टाकतो आता वकिलाकडं. दसऱ्याच्या आधी उरकून टाकू. आईचंबी त्यातच घेतो, म्हंजी परत परत नको.’’

मी खुर्चीत बसले. मला विचारलं गेलं होतं. तीन फोटोंमध्ये विचारलं होतं, आणि मी रंग सांगितला होता.

तेव्हाच बोलायला हवं होतं. ‘अरं, मला वाटलं राखीची साडी आहे’ एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण तो पुढं बोलत होता. शेतात पाइपलाइन टाकायची आहे, सौरपंप बसवायचा आहे, प्रत्येक अर्जाला सगळ्या हिस्सेदारांची संमती लागते. दर खेपेला आक्काला सांगलीतनं बोलवायचं म्हणजे तिलाही त्रास. तो खोटं बोलत नव्हता. गेल्या उन्हाळ्यात एका सहीसाठी मीच क्लास बुडवून गेले होते आणि परतताना विट्याच्या स्टँडवर दोन तास बसून त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. मी नुसतं ‘‘बरं’’ म्हणाले.

फोन ठेवला तेव्हा आई काळ्या चष्म्याआडून माझ्याकडं बघत होती, की नव्हती, समजायला मार्ग नव्हता. ‘‘काय म्हनतो?’’ तिनं विचारलं. मी म्हटलं, काही नाही, कागदाचं बोलत होता. तिनं पुढं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मला तिला सांगायचं होतं, आई, माझं जाऊ दे, पण तू तुझं सोडू नको. तुझ्या नावाचं तुझ्याकडं काहीतरी असू दे. तीन आठवडे ते वाक्य माझ्या जिभेवर होतं. तिच्या डोळ्यांत दिवसातून चार वेळा थेंब घालताना तिचं तोंड माझ्या इतकं जवळ असायचं, तरी ते बाहेर आलं नाही. भाऊ काय म्हणेल, ही भीती होती. आईला त्याच्याजवळच राहायचं होतं, माझ्याजवळ नाही. मी इथं बसून शहाणपणा शिकवायचा आणि तिनं तिथं रोज त्याची तोंडं बघायची, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मी भ्याले होते.

ह्यांना सांगितलं तर हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, ‘‘करून टाक की सही. कशाला डोक्याला ताप? आमच्या बहिणींनी नाही का केली?’’

केली होती. आणि त्यांच्या साड्या मी निवडल्या होत्या.

लग्नाला पाचसहा वर्षं झाली असतील तेव्हा. माझ्या दोन्ही नणंदा एकाच दिवशी सहीला आल्या होत्या. मी गणपती पेठेतल्या दुकानात दुपारभर बसून दोन साड्या काढल्या. दोन्ही एकाच तोलाच्या, म्हणजे रुसवा नको. पुरण मीच वाटलं. सगळं कसं छान पार पडलं, असं मला त्या रात्री वाटलं होतं. थोरल्या नणंदेनं साडी मांडीवर घेऊन तिच्यावरून हात फिरवला होता आणि म्हणाली होती, ‘‘रंग चांगला निवडलास हं, वहिनी.’’ मी खूश झाले होते.

आई गावाला परत गेल्यावर एका दुपारी मी त्या नणंदेला फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, ताई, तेव्हाची ती साडी आवडली होती का हो तुम्हाला?

‘‘कुठली गं?’’

‘‘सहीच्या वेळची.’’

त्या हसल्या. ‘‘ती होय? ती मी घरी आल्या आल्या भांडीवालीला देऊन टाकली.’’ आणि लगेच त्यांनी लोणच्याचं काहीतरी काढलं. मी हो हो म्हणत राहिले. वीसेक वर्षं त्या दर दिवाळीला माझ्या हातचं गोड कौतुक करून खात होत्या, आणि मला कधी शंका आली नव्हती. फोन ठेवल्यावर मी पुन्हा गॅस बंद आहे का बघून आले.

दसऱ्याच्या आधीच्या सोमवारी मी पहिल्या गाडीनं निघाले. विटा, मायणी, मग वडूज. खिडकीतून घेवडा काढलेली रानं दिसत होती. बसमध्येही मला नीट बसवेना. पर्स उघडून आधार कार्ड आहे का ते मी इतक्यांदा बघितलं की शेजारच्या बाईनं विचारलं, काय हरवलं का?

हरवलं नव्हतं. आठवत होतं. विहिरीवरच्या पट्टीत अण्णा पाण्याची दारं धरायचे, म्हणजे एका सरीचं पाणी मोडून दुसऱ्या सरीला लावायचे, आणि मी बांधावर बसून इंग्रजी पाठ करायची. अण्णांना इंग्रजी येत नव्हतं. तरी ते खोऱ्याच्या दांड्यावर हनुवटी टेकवून म्हणायचे, ‘‘हां, म्हन परत.’’ चुकलं की त्यांना कसं कळायचं कोण जाणे. मी अडखळले की सरी भरून वाहायला लागली तरी त्यांचं लक्ष माझ्याकडं. माझं इंग्रजी त्या बांधावर झालंय. ही गोष्ट कुठल्या कागदावर येत नाही आणि मी ती भावाला कधी सांगितलेली नाही. तो तेव्हा फार लहान होता, विहिरीत दगड टाकत बसायचा.

कचेरीबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये वकिलाचा माणूस कॉम्प्युटर मांडून बसला होता. भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. आई नव्या चष्म्यात टवटवीत दिसत होती. दस्त एकच होता. सोडून देणाऱ्या आई आणि मी, घेणारा भाऊ. माणसानं पानं पुढं सरकवली. मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते, वाचल्याशिवाय कुठंही सही करू नका. मी न वाचता प्रत्येक पानावर सही केली. भराभर केली, जणू हळू केली तर हात थांबेल. आईचा अंगठा भावानं शाईत बुडवून तो माणूस दाखवील तिथं टेकवला. तिनं टेकवू दिला. मग आम्ही आत जाऊन बाकावर बसलो.

आतली बाई तरुण होती, अधिकारी असून आवाज मवाळ. तिनं आधी मला पुढं बोलावलं. कॅमेऱ्यात बघा, अंगठा इथं ठेवा. ‘‘दस्त मान्य आहे का? राजीखुशीनं हक्क सोडताय?’’

‘‘हो,’’ मी म्हणाले. स्पष्ट, शुद्ध, शिकवणाऱ्या बाईच्या आवाजात.

मग आई. ती खुर्चीत नीट सरसावून बसली. पदर डोक्यावर घेतला, कारण फोटो निघणार होता. अधिकारी बाईनं विचारलं, ‘‘आजी, हा दस्त तुम्हाला मान्य आहे का? राजीखुशीनं तुमचा हक्क सोडताय ना?’’

आई तिच्याकडं बघत राहिली. मला वाटलं तिला प्रश्न कळला नाही. मी पुढं होऊन सोपा करून सांगणार, तेवढ्यात ती म्हणाली, ‘‘न्हाई.’’

भाऊ म्हणाला, ‘‘आई, अगं व्हय म्हन.’’

‘‘का म्हून? त्या बाईनं मला इचारलंय.’’ ती अधिकारी बाईकडंच बघून बोलत होती. ‘‘आजपातूर कुनी इचारलं न्हवतं. भाईर अंगठा लाव म्हनले, लावला. तुमी इचारलं म्हून सांगते. माझं मी सोडत न्हाई. मी मेल्यावर त्याचंच हाय की समदं. त्येला येवढी कसली घाई?’’

अधिकारी बाईनं पेन खाली ठेवलं आणि सांगितलं, की आजींना मान्य नसेल तर हा दस्त असा होणार नाही. कागद तिनं भावाच्या हातात परत दिले.

मी तिथंच उभी होते, अंगठ्याला शाई पुसायचा कागद धरून. मला फार लाज वाटली. सहा शब्द शिकवणारी मी, आणि आई नुसतं एक ‘न्हाई’ म्हणून मोकळी झाली होती. जे वाक्य मी तिच्यासाठी तीन आठवडे गिळलं, त्याची तिला गरजच नव्हती.

बाहेर शेडमध्ये वकिलाच्या माणसानं मान हलवली. मग माझ्याकडं बोट करून भावाला म्हणाला, ‘‘ताईंचं एकट्यांचं करून देतो की. अर्ध्या तासाचं काम.’’

भावानं माझ्याकडं बघितलं. तो चिडलेला नव्हता, ओशाळला होता. शर्टाची इस्त्री घामानं मोडली होती. ‘‘आक्का,’’ एवढंच म्हणाला.

अर्धा तास होता माझ्याकडं. मी शेडच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत चालायला लागले. भाऊ बघत होता. तिसऱ्या फेरीला मी त्याच्यासमोर थांबले आणि जे बोलले ते मी आधी जुळवलेलं नव्हतं.

‘‘हे बघ, रान तू कर. पीक तुझं. पंप बसव, पाइप टाक. सही लागंल तवा पहिल्या गाडीनं यीन, कुरकुर करनार न्हाई. पर माझं नाव ऱ्हाऊ दे.’’

गावाकडची बोली माझ्या तोंडून इतक्या वर्षांनी आली, की मीच दचकले.

‘‘नाव घिऊन काय करनार हायस?’’

‘‘काय न्हाई. बघत बसनार हाय.’’

तो कागदाच्या गुंडाळीकडं बघत म्हणाला, ‘‘साडी तर निवडलीस की तू.’’

‘‘निवडली. मला वाटलं राखीची हाय. कळल्यावर तरी बोलायचं, ते बोलले न्हाई. चुकलं माझं.’’

त्यानं ती गुंडाळी काखेत मारली. आई शेजारच्या बाकावरून म्हणाली, ‘‘भूक लागलीया. घरला चला.’’

घरी पुरणपोळ्या तयार होत्या. भावजयीला कुणी फोन केला नव्हता. ती दारात हळदीकुंकवाचा करंडा घेऊन उभी, आणि आमची तोंडं बघून तिला कळलं. तरी तिनं पानं मांडली. ‘‘ऊन ऊन खावा वन्सं,’’ म्हणाली. भाऊ दोन घास खाऊन गोठ्याकडं गेला. आई तीन पोळ्या जेवली. निघताना भावजयीनं मोरपंखी साडी पिशवीत घालून दिली. मी नको म्हणाले, तर म्हणाली, ‘‘आता मी ती कुनाला नेसवू? रंग तुमीच सांगितलाय.’’ तिच्या डोळ्यांत राग होता की पाणी, मी नीट बघितलं नाही. साडी घेऊन आले.

भावानं मला स्टँडवर सोडलं. गाडी सुटेपर्यंत थांबला, पण खिडकीशी आला नाही.

मग दिवाळी आली. फोन नाही. पाडवा झाला. भाऊबीजेला तो दरवर्षी सकाळीच यायचा. माझ्या लग्नानंतर एकदाही चुकला नव्हता, अगदी त्याचा पाय मोडला होता तेव्हाही टमटममध्ये आडवा होऊन आला होता. मी सकाळी न्हाऊन मोरपंखी साडी नेसले. का नेसले? त्यानं बघावी म्हणून. देऊन नाही टाकली, हे त्याला दिसावं म्हणून. पाटावर रांगोळी काढली, ताटात सुपारी, अंगठी, निरांजन. अकरा वाजले. एक वाजला. हे म्हणाले, जेवून घे. मी म्हटलं, थांबा हो. गल्लीत मोटरसायकल वाजली की मी खिडकीशी. चार वाजता निरांजनातलं तूप थिजून पांढरं झालं. पाच वाजता मी चंद्राला ओवाळलं, चंद्र दिसायच्या आतच, आकाशाकडं बघून. ज्यांना भाऊ नाही त्या तसं करतात. नंतर स्वयंपाकघरात जाऊन रडले, आणि रडताना पदराला काजळ लागलं.

त्या दिवशी मला वाटलं, सही केली असती तर काय बिघडलं असतं? सातबाऱ्यावरच्या एका ओळीपायी मी पाठचा भाऊ घालवला. आईला तिथं काय ऐकून घ्यावं लागत असेल? तिला फोन केला तर म्हणाली, ‘‘मला कोन काय म्हनत न्हाई. तू जेवलीस का?’’ फोन उघडून सातबारा बघायची माझी सवय त्या आठवड्यात सुटली. बघवेना.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. सांगली स्टँडवर पार्सल आलंय, घेऊन जा. मी ह्यांना न सांगता रिक्षा केली. पार्सलच्या खोलीत कोपऱ्यात एक शिवलेलं पोतं होतं. खिडकीतल्या माणसानं त्यावरची अक्षरं वाचून नाव सांगितलं. मला क्षणभर कळलंच नाही तो कुणाबद्दल बोलतोय. माझं नाव, मग अण्णांचं नाव, मग माहेरचं आडनाव. दरवर्षी भाऊ काही पाठवायचा, त्यावर ह्यांचं नाव असायचं.

‘‘ह्या नावाचं कोण?’’

‘‘मीच.’’

त्यानं आधार कार्ड मागितलं. दिलं. तो कार्ड बघून म्हणाला, ‘‘यावर दुसरंच नाव आहे की. असं कसं हँड ओव्हर करू, मॅडम?’’

मी फोन काढला. दोनदा गट नंबर चुकला. मग सातबारा उघडला आणि खिडकीतून आत धरला. तीन नावं होती. त्यानं तिसऱ्यावर बोट ठेवलं, पोत्याकडं बघितलं, कार्डावरचा फोटो बघितला, मग माझ्याकडं. ‘‘माहेरचं होय?’’ म्हणाला, आणि रजिस्टर पुढं सरकवलं. कुठलं नाव लिहू, असं मी विचारलं. ‘‘पोत्यावरचंच लिहा,’’ तो म्हणाला.

अठ्ठावीस वर्षांनी मी ती सही केली. मोडकीतोडकी आली.

पोत्यात घेवडा होता, निवडलेला, खडा नाही. चिठ्ठी नव्हती. रिक्षात पोतं पायाशी ठेवून मी भावाला फोन लावला. तो उचलील असं वाटलं नव्हतं. उचलला. मागं पंपाचा आवाज येत होता.

‘‘मिळालं का?’’ त्यानं विचारलं.

‘‘मिळालं.’’

‘‘हिरीवरच्या पट्टीतला हाय.’’ मग म्हणाला, ‘‘नाव बरुबर लिवलंय न्हवं?’’

हे त्यानं रागानं विचारलं की मायेनं, मला अजून ठरवता आलेलं नाही. मी म्हटलं, ‘‘बरोबर लिवलंयस.’’ त्यानं फोन ठेवला. रिक्षा थांबल्यावर रिक्षावाला पोतं उचलायला आला, पण मी ते त्याच्या हातात दिलं नाही. कवेत घेऊन दोन पायऱ्यांगणिक थांबत, मीच वर नेलं.